सव्वा लिटर

"सॉरी, संपतच आलंय आमचं," असं मी त्याला म्हणाले आणि पुढे चालू लागले. 'आमचं' म्हणायला तिथे दुसरं कुणी नव्हतंच. नवरा दोन वळणं खाली गेला होता, त्याची निळी टोपी मधूनच खडकाआडून दिसायची आणि लपायची. वाटेच्या कडेला, कपारीच्या हातभर सावलीत हा माणूस बसला होता. पन्नाशीचा असेल. सुती टीशर्ट अंगावर वाळून त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या, चेहरा भाजल्यासारखा लाल, आणि हातात दुकानात मिळते तसली अर्ध्या लिटरची पातळ बाटली, चुरगळून चपटी झालेली. घोटभर पाणी मिळेल का, एवढंच त्याने विचारलं, तेही अवघडून, पैसे मागावेत तसं. मी नाही म्हटल्यावर हसला, हात वर केला, काही हरकत नाही म्हणाला. उलट मलाच सांभाळून जायला सांगितलं, पुढे खडे सुटे आहेत म्हणून.

तो काही मरणार नव्हता, हे आधीच सांगून टाकते. खाली पायथ्याशी नळ आहे आणि तिथवर दोन मैल उरले होते, तेही उताराचे. मी एकटी बाई, समोर अनोळखी पुरुष, हेही कारण मी नंतर स्वतःला देऊन पाहिलं. पण त्या क्षणी मला भीती वाटली नव्हती. भीती वाटली असती तर मी एवढं सहज बोलले नसते. गोष्ट फार साधी होती. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याची नळीवाली पिशवी होती, ती आतल्या आत असते, किती उरलंय ते दिसत नाही. पाठीला हलकी लागत होती, म्हणून मी धरून चालले की संपत आलंय. संध्याकाळी तंबूशी आल्यावर ती पिशवी उपडी केली. लिटरची बाटली काठोकाठ भरली आणि वर स्टीलचा एक पेलाही भरला.

सव्वा लिटर.

नवरा पोह्यांसाठी कांदा चिरत होता. त्याला वाटलं मी हिशोब करतेय, पुढच्या खेपेला किती न्यायचं याचा. "बघ, तीन लिटर जास्तच होतात," असं काहीतरी तो म्हणाला. मी बरं म्हटलं.

ही जागा म्हणजे टेक्ससच्या पश्चिम टोकाला, न्यू मेक्सिकोच्या हद्दीला टेकलेलं ग्वाडालुपे माउंटन्स राष्ट्रीय उद्यान. डॅलसहून आठ-नऊ तासांचा रस्ता, तोही सगळा सपाट. मिडलंड-ओडेसा मागे पडलं की दुतर्फा तेलाचे पंप माना खालीवर करत उभे, नंदीबैलासारखे, कुणी काही विचारलेलं नसताना होय होय म्हणणारे. अंधार पडला की क्षितिजावर ठिकठिकाणी वायू जाळत असलेल्या ज्वाळा दिसतात. ओर्ला नावाचं एक गाव लागतं, त्याला गाव का म्हणायचं हा प्रश्न आहे. तिथून पुढे नुसता काळोख. उद्यानात हॉटेल नाही, खानावळ नाही, जवळचा पेट्रोलपंप तीस-पस्तीस मैलांवर. लाकूड किंवा कोळसा पेटवायला बंदी, कारण वारा असा सुटतो की ठिणगीचा वणवा व्हायला वेळ लागणार नाही. घड्याळसुद्धा तिथे आपलं राहत नाही. टेक्ससमध्येच असून उद्यान एक तास मागच्या वेळेवर चालतं, आणि फोनला ज्या बाजूचा टॉवर सापडेल त्याप्रमाणे तो पुढे-मागे उड्या मारत राहतो. पहाटे पाचचा गजर लावला होता, तो नक्की कुठल्या पाचला वाजला हे अजून आम्हाला ठरवता आलेलं नाही. वर्षाला जेमतेम दोन-सव्वादोन लाख लोक इथे येतात. अमेरिकेतल्या गाजलेल्या उद्यानांमध्ये तेवढे एका महिन्यात येऊन जातात. आम्हीही आलो ते काही वाळवंटाच्या ओढीने नाही. दिवाळीआधीचा शनिवार-रविवार होता, सगळीकडची बुकिंग संपली होती, आणि इथे तंबूला जागा होती.

सकाळी तंबूची चेन उघडली तर समोर डोंगर. रात्री तो दिसलाच नव्हता, फक्त एका बाजूला तारे नव्हते एवढंच जाणवलं होतं. एल कॅपिटनचा कडा पांढरट-पिवळा, जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला. ही उपमा माझ्या डोक्यात आधी आली आणि मग व्हिजिटर सेंटरमध्ये कळलं की जहाज नाही, पण समुद्र खरा आहे. साधारण २६ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, कोमट समुद्र होता आणि त्याच्या काठाने शेकडो मैल लांब, घोड्याच्या नालेच्या आकाराचा खडक वाढत गेला. प्रवाळाचा नव्हे, तर स्पंज, शेवाळं आणि चुना साठवणाऱ्या बारीक जिवांचा. समुद्र आटला, मीठ आणि जिप्सम मागे राहिलं, सगळं गाडलं गेलं, आणि फार नंतर जमीन उचलली गेली तेव्हा त्या खडकाचा एक तुकडा डोंगर होऊन वर आला. म्हणजे आम्ही सकाळी सात वाजता, सहा लिटर पाणी पाठीवर घेऊन, समुद्राच्या तळातून वर चढायला निघालो होतो. नवऱ्याला हे फार आवडलं. दर वळणावर तो "आता किती खोल?" विचारायचा.

ग्वाडालुपे पीक हे टेक्ससमधलं सगळ्यात उंच शिखर, ८,७५१ फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. कळसूबाईला मी कॉलेजात असताना गेले होते, वाटेत लिंबू-सरबत, कांदाभजी, शिड्यांवर गर्दी, आणि वर देवीचं देऊळ. इथे जाऊन-येऊन साडेआठ मैल आणि तीन हजार फुटांची चढण, वाटेत काहीही नाही. पहिला दीड मैल तर उभाच. वाटेच्या दोन्ही अंगांना घायपाताच्या जातीची काटेरी झुडपं, प्रत्येक पानाच्या टोकाला सुई. मग एका खांद्याला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला गेलं की अचानक गारवा लागतो आणि पाइनची झाडं सुरू होतात, वाळवंटात कुणी चुकून थंड हवेचं गाव ठेवून दिल्यासारखी. राळेचा वास येतो. आमच्या तोंडाला कोरड पडली होती, ओठांवर धूळ, आणि त्या वासाने उगाचच पाण्याची आठवण झाली. पाणी मात्र कुठेच नाही. चुनखडीचा डोंगर, पडलेलं सगळं आत गिळून टाकतो. आमच्याकडे मराठवाड्यात उलटं, काळा पाषाण पाणी आत घेत नाही आणि ते नदीला लागून निघून जातं. दोन्हीकडे माणसाच्या हाती काय लागतं ते सारखंच.

माथ्यावर स्टीलचा एक पिरॅमिड आहे, माणसापेक्षा थोडा उंच. एका विमान कंपनीने १९५८ साली बसवलेला, शंभर वर्षांपूर्वी खालून गेलेल्या टपालगाडीच्या स्मरणार्थ. देऊळ नाही, पण हात लावायला काहीतरी हवंच माणसाला. वाऱ्याने तो थंडगार झाला होता. मी हात लावला आणि सवयीने कपाळाला नेला. पश्चिमेकडे खाली मिठागरं पसरलेली दिसतात, पांढरी सपाट, डोळे दिपतील अशी. त्या मिठासाठी १८७७ साली इथे माणसं मेली आहेत. शंभर मैलांवरच्या गावातले लोक वर्षानुवर्षं गाड्या जुंपून यायचे आणि मीठ भरून न्यायचे, ते कुणाचंच नव्हतं म्हणून सगळ्यांचं होतं. मग एकाने कागदावर ते आपल्या सासऱ्याच्या नावाचं केलं आणि पैसे मागितले. सॅन एलिझारिओत लोकांनी त्याला उभं करून गोळ्या घातल्या, आणि मग जे व्हायचं ते सगळं झालं. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली लाठ्या खाल्लेल्यांच्या गोष्टी आपण शाळेत ऐकलेल्या असतात, त्यामुळे मला ही हकीकत परकी वाटली नाही. एवढं सगळं बघत मी तिथे बसले होते. नळी तोंडात धरून सावकाश पाणी पीत होते. मोजत नव्हते.

पायथ्याच्या फलकावर उद्यानाची माहिती होती, त्यात एक साल होतं, १९७२. बाकीचं सगळं मी विसरले, ते साल तेवढं अडकून राहिलं. तेलकंपनीत आयुष्य घालवलेल्या वॉलेस प्रॅट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने आपली दरीतली सुमारे पाच हजार एकर जमीन देऊन टाकली, मग शेजारचं मोठं कुरण सरकारने विकत घेतलं, आणि बहात्तरच्या सप्टेंबरात उद्यान रीतसर सुरू झालं. मराठवाड्यातल्या माणसाला बहात्तर म्हटलं की दुसरं काही आठवत नाही. आमच्या घरात बहात्तर हे साल नव्हतंच, ती एक व्यक्ती होती. "बहात्तरनं शिकवलं," असं आजी म्हणायची. ती तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. लाल मिलोच्या भाकरी, त्यांचा वास, सुकडी, आणि विहिरीच्या तळाला उतरून वाटीने खरवडून भरलेली घागर, हे सगळं मी इतक्यांदा ऐकलंय की मला वाटतं मी तिथे होते. आमच्या आजीच्या दारात आलेल्याला आधी गूळपाणी मिळायचं, मग कोण, कुठला, ही चौकशी. वाटसरू, कडकलक्ष्मीवाला, वीजबिलाचा माणूस, कुणीही. ही आजी सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्येकाकडे अशी एक असते आणि लेखांमध्ये ती फार छान दिसते.

पण माझ्या आजीने २०१६ च्या उन्हाळ्यात पिंपाला कुलूप लावलं होतं.

ते साल आठवतं ना? धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं, मार्चमध्ये लातुरात टाक्यांपाशी आणि टँकर भरायच्या जागी १४४ कलम, पाचापेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. पहिल्यांदा दहा डबे, पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर बघायला गेले होते, फोनवर फोटो काढत होते, लग्नाची वरात यावी तशी. लातूर काही वाळवंट नाही. सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आमच्याकडे, ग्वाडालुपेच्या पायथ्याला पडतो त्याच्या कितीतरी जास्त. तरी आमच्याकडे आगगाडी, आणि इथे वाळवंटाच्या पोटात चोवीस तास सुरू असलेला नळ, त्यावर साधी सूचना की माणशी दिवसाला एक गॅलन तरी जवळ ठेवा. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. (उसाबद्दल मी इथे बोलणार नाही. बोलायला लागले तर लेख त्यातच बुडेल.)

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. मे महिन्यात चार दिवस घरी गेले. अंगणात निळं पिंप होतं, दोनशे लिटरचं, त्याच्या झाकणाला साखळी आणि साखळीला पितळी कुलूप. किल्ली आजीच्या पदराच्या गाठीला. दुपारी शेजारची सून कळशी घेऊन आली, कडेवर पोर. आजी ओट्यावरून उठलीसुद्धा नाही. "नाही गं बाय, आमच्यातच नाही," म्हणाली. सून मुकाट परत गेली. सकाळीच टँकरवरून आम्ही पिंप भरलं होतं, मी स्वतः पाइप धरला होता. निम्म्याहून जास्त होतं. मला इतका संताप आला. पुण्यात राहिल्यामुळे तो मला परवडतही होता. "आज्जी, खोटं कशाला बोललीस? आहे की पाणी!" आजी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, कुठेतरी फाटकाकडे बघत होती. "खोटं कामून बोलू? आजचं हाय. उद्याचं नाही."

मी त्या दिवशी रागाने आंघोळ केली नाही. आजीला ते बरंच वाटलं असणार.

ग्वाडालुपेच्या वाटेवर मी जेव्हा "संपतच आलंय" म्हणाले तेव्हा आवाज माझा होता, पण चाल तिची होती. तोच सहज सूर, तीच न उठता दिलेली उत्तरं. चार पावलं गेल्यावर माझ्याच लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. फरक एवढाच की आजीला पिंपात किती आहे ते बोटाच्या पेरापर्यंत ठाऊक होतं. आज किती, उद्या किती, टँकर कधी, कळशीत किती मावतं, हे सगळं तिच्या डोक्यात होतं, आणि मग ती नाही म्हणाली. मला तर उरलंय किती हेही ठाऊक नव्हतं. आणि उद्याचं तर होतंच, पायथ्याला नळावर.

मागे वळून बोलावता आलं असतं. पन्नास पावलं गेले तोवर हे सुचलं, मग शंभर झाली, मग आता कसं वाटेल असं वाटायला लागलं. माणूस लाजेने किती मैल चालू शकतो!

पाऊण तासाने तो खाली आला. मी स्टोव्हवर पोहे परतत होते. तंबूपासून नळ लांब नव्हता. तो वाकला आणि तोंडच लावलं त्याने, ओंजळ वगैरे नाही. मग मान खाली घालून पाणी डोक्यावर घेतलं. मग ती चुरगळलेली बाटली फुंकर मारून फुगवली, भरली, प्यायला, पुन्हा भरली. मी गाडीच्या उघड्या दाराआड सरकले. पोहे जरा लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मॅकिट्रिकच्या दरीत गेलो, तीच प्रॅटची. तिथे वाहतं पाणी आहे, या सगळ्या कोरड्या मुलखात बाराही महिने. मध्येच ते गोट्यांखाली गडप होतं आणि फर्लांगभर पुढे पुन्हा वर येतं, निळसर हिरवं, तळाचा प्रत्येक खडा दिसेल असं. वर मेपलची पानं लाल झालेली, उन्हात पेटलेली. पाण्यात पाय घालायला बंदी आहे. आम्ही काठावर बसून नुसतं बघत राहिलो, हळदीकुंकवाला गेल्यावर दुसऱ्याच्या घरातली चांदीची भांडी बघावीत तसं. प्रॅटचं दगडी घर तिथेच आहे, छपरालासुद्धा दगडाच्याच फरशा. त्याच्या पडवीत बसून मी विचार करत होते की या माणसाने जन्मभर याच समुद्राच्या गाळातलं तेल शोधलं, आणि हा ओढा मात्र देऊन टाकला. मोठेपणाच म्हणायचा तो. पण ज्याला पुरेसं मिळालेलं असतं त्याचं देणं आणि आजीच्या पिंपातली कळशी यांचं वजन एकाच काट्यावर कसं करायचं, हे मला तिथेही जमलं नाही.

त्या पडवीत रेंजरने आणखी एक गोष्ट सांगितली. या भागातले मेस्कालेरो अपाची लोक इथल्या झऱ्यांवर जगले. घायपाताचे गड्डे जमिनीत पुरून भाजायचे, त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. टपालगाडीचा थांबाही झऱ्यापाशीच होता, त्याच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. पुढे १८८० साली व्हिक्टोरिओ नावाचा अपाचींचा पुढारी आपली माणसं घेऊन या मुलखातून उत्तरेकडे निघाला, तेव्हा कर्नल ग्रिअरसनने त्याचा पाठलाग करायचं सोडून दिलं. डोंगरात त्याला गाठणं शक्य नव्हतं. त्याऐवजी त्याने पाणवठ्यांवर सैनिक बसवले. ऑगस्टमधल्या उन्हात अपाची रॅटलस्नेक स्प्रिंग्सपाशी पाण्यावर आले आणि तिथे आधीच बंदुका होत्या. त्यांना तहानलेलंच परत फिरावं लागलं. रेंजर हे युद्धातली चतुराई म्हणून सांगत होती, आणि ती होतीच. माझ्या डोळ्यांसमोर मात्र लातुरातल्या टाकीखाली खुर्ची टाकून बसलेला पोलीस आला, डोक्याला ओला रुमाल गुंडाळलेला, हातात काठी, आणि लांब उभ्या असलेल्या घागरी.

आजी २०१९ मध्ये गेली. पिंप अजून अंगणात आहे, कुलूप नाही.

घरी आल्यावर आईला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. समुद्र, पिरॅमिड, मीठ, लाल पानं. समुद्राचा डोंगर झाला हे तिला पटलं नाही, पण तिने वाद घातला नाही. मग मी म्हटलं, उतरताना एक माणूस भेटला, त्याने पाणी मागितलं.

"मग? दिलंस ना?"

"दिलं की."

"बरं केलंस. ठेवते गं, नळ आलेत."